वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारमध्ये कोण कोण मंत्री होते? शिवसेनेला काय मिळालं होतं?

शिवसेनेला एकच मंत्रिपद मिळालं, पण ते कॅबिनेट दर्जाचं होतं: उद्योग खातं, सुरेश प्रभूंकडे. प्रभू राजापूरमधून नुकतेच निवडून आले होते, व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले. खासदार झाल्या झाल्या थेट केंद्रीय उद्योगमंत्री! आमच्या कोकणात त्याचं फार अप्रूप होतं.

१६ मे १९९६ ला वाजपेयींसोबत ११ जणांचा शपथविधी झाला. जसवंतसिंह अर्थ, मुरली मनोहर जोशी गृह, प्रमोद महाजन संरक्षण, राम जेठमलानी कायदा, सुषमा स्वराज माहिती व प्रसारण. सूरजभान कृषी, करिया मुंडा कल्याण, सरताज सिंग आरोग्य, धनंजय कुमार नागरी विमान वाहतूक. सिकंदर बख्त यांना आधी नगरविकास दिलं होतं. ते नाराज झाले, मग काही दिवसांत परराष्ट्र खातं त्यांच्याकडे आलं. उरलेली सगळी खाती पंतप्रधानांकडेच. अडवाणींचं नाव यादीत दिसत नाही, कारण हवाला प्रकरणात (नेत्यांना बेकायदा पैसे दिल्याच्या प्रकरणात) आरोप झाल्यावर त्यांनी खासदारकी सोडली होती आणि ती निवडणूक लढवलीच नव्हती.

मंत्रिमंडळ एवढं लहान का, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भाजपचे १६१, शिवसेनेचे १५, समता पक्षाचे ८, हरियाणा विकास पक्षाचे ३ आणि अकाली दलाचे ८, अशी बेरीज १९५ वर थांबत होती. बहुमताला २७२ हवे होते. बरं, पाठिंबा देणाऱ्यांपैकी सरकारात आली ती फक्त शिवसेना. बाकीचे बाहेरूनच. म्हणजे कागदावर आघाडी, पण मंत्रिमंडळात वाजपेयी धरून अकरा जण भाजपचे किंवा भाजपने आणलेले आणि एक शिवसेनेचा. माझ्या मते उरलेल्या खुर्च्या मुद्दाम मोकळ्या ठेवल्या होत्या. कुणी नवा मित्रपक्ष आला तर त्याला द्यायला काहीतरी हातात हवं ना! कुणीच आलं नाही. यादीकडे तशा नजरेने पाहिलं तर करिया मुंडा, सूरजभान, सरताज सिंग, बख्त, धनंजय कुमार ही नावंही जास्त बोलकी होतात: आदिवासी, दलित, शीख, मुस्लिम आणि दक्षिणेतला एक. 'हा उत्तरेतल्या उच्चवर्णीयांचा पक्ष' या आरोपाला ते उत्तर होतं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर बारांत महाजन आणि प्रभू हे दोघं, आणि दोघांकडे वजनदार खाती. राज्यातल्या ४८ पैकी ३३ जागा शिवसेना-भाजप युतीच्या होत्या, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण मला आजही खटकते ती एन्रॉनची गोष्ट. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, असं युतीनेच विधानसभा निवडणुकीत सांगितलं होतं. १९९५ मध्ये राज्य सरकारने तो रद्दही केला, मग पुन्हा वाटाघाटी करून स्वीकारला. आणि या बारा जणांच्या मंत्रिमंडळाने, लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू असताना, प्रकल्पाच्या प्रतिहमीला (राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल, या हमीला) मंजुरी दिली. बहुमत सिद्ध न केलेल्या सरकारने इतका दूरगामी निर्णय घ्यायला नको होता, असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. पुढे वीज मंडळाने त्या प्रकल्पापायी काय सोसलं, ते महाराष्ट्राला माहीत आहे.

त्याच मंत्रिमंडळाचा एक निर्णय मात्र मनापासून आवडला. सुषमा स्वराजांनी ती चर्चा दूरदर्शनवर थेट दाखवायला लावली. २७ आणि २८ मे, दोन दिवस आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोरून हललो नाही. संसदेतली खरी वादावादी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मतदान झालंच नाही. वाजपेयींनी भाषण संपवताना राजीनामा द्यायला निघाल्याचं सांगितलं आणि ते राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मांकडे गेले. १ जूनला देवेगौडांनी शपथ घेतली.