गिऱ्हाईक दारात उभं आहे, नवं घर मात्र सापडत नाही

प्रश्न : आम्ही डोंबिवली पूर्वेला 1998 साली घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. फ्लॅट यजमानांच्या आणि माझ्या, दोघांच्या नावावर आहे, कर्ज केव्हाच फिटलं. यजमानांचे गुडघे गेलेत. सासूबाई 84 वर्षांच्या आहेत, त्या गेल्या दिवाळीपासून खाली उतरलेल्या नाहीत. मुलगी पुण्यात वारज्याला असते, म्हणून तिच्या जवळ लिफ्ट असलेलं घर घ्यायचं ठरवलं. पाच महिन्यांत अकरा घरं पाहिली. त्यातल्या त्यात बरं होतं ते 72 लाखांचं, पण त्याला पार्किंग नव्हतं. आमच्याकडे गाडी नाही, पण पुढेमागे विकताना पार्किंग लागतंच, असं मुलगा म्हणाला, म्हणून सोडलं. बाकीची सगळी 80 लाखांच्या पुढे.

तेवढ्यात इथे गिऱ्हाईक आलं. तरुण जोडपं आहे, जवळच भाड्याने राहतं, कर्ज मंजूर आहे, 62 लाख द्यायला तयार आहेत. पण ताबा दोन महिन्यांत हवा. एजंट म्हणतो, आत्ता इसार घ्या, नाहीच जमलं तर इसार परत करून मोकळे व्हा. नवं घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचेल, असंही तो सांगतो. यजमान म्हणतात, दारी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवू नये. मुलगा बंगळुरूला असतो, तो म्हणतो, मी माझ्या नावावर कर्ज काढून पुण्याचं घर आधी घेतो. आमची सगळी मिळून शिल्लक 24 लाख आहे. मला रात्र रात्र झोप नाही. काय करावं?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एकच गोष्ट शोधत होते आणि ती सापडली नाही. त्या जोडप्याला दोन महिन्यांतच ताबा कशासाठी हवा आहे? बहुधा तुम्ही विचारलं नसावं. एजंटने तारीख सांगितली आणि तुम्ही ती धरून बसलात.

भाड्याने राहणाऱ्यांच्या घाईमागे बऱ्याचदा अकरा महिन्यांचा करार असतो. तो संपत आला की मालक भाडं वाढवतो, नाहीतर घर सोडायला सांगतो. कधी मुलांची जूनची शाळा असते. कधी काहीच नसतं, नुसती नव्या घराची हौस असते. कारण कळलं की तारीख हलवता येते. करार संपत असेल तर तो त्यांनी चार महिने वाढवून घ्यावा आणि वाढलेलं भाडं तुम्ही द्यावं. महिन्याला चार-पाच हजार गेले तरी जाऊ द्या. मी सत्तावीस वर्षं खरेदी-विक्रीचे दस्त करते आहे. माणसं एका लाखासाठी तीन-तीन बैठका घासाघीस करतात आणि ताब्याची तारीख मात्र समोरचा म्हणेल ती मान्य करून टाकतात. तुम्ही 62 चे 63 करायच्या मागे लागू नका. जेवढं ओढून धरायचं तेवढं तारखेसाठी धरा.

हे मी इतकं ठासून का म्हणते, तेही सांगते. 2010 मध्ये आम्ही नाशिकचं घर विकून पुण्याला आलो. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, पैसे वेळेवर आले, आम्ही सहा आठवड्यांत ताबा दिला. वाटलं, चार महिने भाड्याने राहू, तोवर घर मिळेल. चौदा महिने लागले आणि तेवढ्यात दोन भाड्याची घरं झाली. सासरे तेव्हा 81 वर्षांचे होते. नाशिकच्या घरात ते रात्री दिवा न लावता मोरीपर्यंत जायचे. पहिल्या भाड्याच्या घरात त्यांनी कसंबसं जमवून घेतलं. दुसऱ्या घरात गेल्यावर तिसऱ्याच रात्री ते उठले आणि सवयीने डावीकडे वळले. तिथे भिंत होती. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते काठीशिवाय चालले नाहीत, आणि आमच्या स्वतःच्या घरात आल्यावरसुद्धा हाक मारल्याशिवाय रात्री उठले नाहीत. पैशाच्या हिशेबाने आमचा तो व्यवहार फायद्याचा होता.

म्हणून माझं मत असं की, सासूबाईंना एकदाच हलवायचं. डोंबिवलीच्या घरातून थेट कायमच्या घरात. मधे भाड्याचं घर नको, मुलीकडे चार महिनेही नकोत. घरात म्हातारं माणूस नसतं तर मी तुम्हाला खुशाल विका म्हणाले असते.

आता इसाराचं. ‘इसार परत केला की मोकळे’ हे एजंटचं म्हणणं चूक आहे, आणि त्यावर विसंबून सही केलीत तर अडकाल. पावतीत जागा, किंमत आणि मुदत लिहिलेली असेल, तर घेणारा व्यवहार पुरा करून मागायला कोर्टात जाऊ शकतो. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये 2018 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून असा आदेश नाकारायला कोर्टाला पूर्वीइतकी मोकळीक राहिलेली नाही. तेव्हा बाहेर पडायची वाट हवी असेल तर ती पावतीतच लिहून ठेवावी लागते. साठेखताला, म्हणजे खरेदीआधी नोंदवायच्या विक्रीच्या कराराला, 60 दिवसांची मुदत घ्या. त्या 60 दिवसांत पुण्यात घर ठरलं नाही तर इसार आणि त्यावर ठरावीक रक्कम देऊन विकणाऱ्याला व्यवहार सोडता येईल, असं स्पष्ट घाला. इसार एक-दोन लाखांचाच घ्या आणि चेकने घ्या. जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. एकदा साठेखत नोंदलं की मात्र मागे सरायचं नाही. तोवर त्यांनी मुद्रांक शुल्क भरलेलं असतं, बँक गुंतलेली असते. त्या पोरांचंही ते पहिलंच घर असणार.

साठेखतानंतर खरेदीखत, म्हणजे मालकी बदलणारा शेवटचा दस्त, आणि ताबा यांना चार महिने मागा. त्यांच्या कर्जाच्या मंजुरीपत्राची मुदत किती आहे, ते आधी पाहून घ्या, तारीख त्यात बसली पाहिजे. आणि बँकेचा पैसा ताब्याच्या दिवशीच येऊ द्या. आधी आला तर त्यांना हप्ताही सुरू होईल आणि भाडंही द्यावं लागेल, मग ते तुमच्या मागे लागतील आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

मग पुण्यात द्यायला पैसे कुठून आणायचे? 62 लाखांच्या घराला बँक 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, म्हणजे किमान 12 लाख 40 हजार त्यांना पदरचे घालावेच लागतात. साठेखताला तेच मागा. ते आणि तुमची शिल्लक यांतून पुण्याच्या घराचं साठेखत आणि मुद्रांक शुल्क निघेल. दोन्ही खरेदीखतं एकाच आठवड्यात धरायची, इथला डिमांड ड्राफ्ट जमा झाला की तिथला द्यायचा. तरीही पंधरा-वीस दिवस मागेपुढे होतंच. त्यासाठी साठेखतातच एक ओळ घाला : खरेदीखतानंतर गरज पडल्यास विकणारे एक महिना त्याच घरात लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याच्या, कराराने राहतील. करार नोंदवून घ्या, महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारकच आहे. मुदत संपल्यावर जो राहतो त्याच्याकडून दुप्पट भाडं मागता येतं, ही तरतूद 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. ती त्या जोडप्याला तुम्ही स्वतः सांगा, म्हणजे ‘ही माणसं उठलीच नाहीत तर?’ ही त्यांच्या मनातली धास्ती जाईल.

मुलाचा विचार मायेचा आहे, पण तसं करू नका. जुनं घर विकून होणाऱ्या नफ्यावर कर लागतो आणि तो नफा नव्या घरात घातला तर त्यात सवलत मिळते. आधी घर घेण्यात या करसवलतीची अडचण नाही. जुनं घर विकण्याआधी एक वर्षापर्यंत घेतलेलं घरही सवलतीत बसतं. अडचण नावाची आहे. त्याच्या नावावर कर्ज म्हणजे घरातही त्याचं नाव, आणि विकणारे तुम्ही दोघं. विकलं एकाने, घेतलं दुसऱ्याने, असं दिसलं की वाद उभा राहतो. शिवाय डोंबिवलीचं घर रेंगाळलं तर पुण्याचा हप्ता त्याच्या डोक्यावर. त्याला म्हणावं, त्या पंधरा-वीस दिवसांची तफावत पडली तर उसने दे, तेवढंच पुष्कळ आहे.

एजंटच्या एक टक्क्यालाही तेच लागू आहे. फक्त बायकांच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, हे खरं. पण तुमच्या यजमानांच्या वाट्याचा नफा तुमच्या एकटीच्या घरात घातला तर त्यांची सवलत वादात येऊ शकते. यावर कोर्टांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत, आणि 72 लाखांवर वाचणाऱ्या 72,000 साठी या वयात नोटिसांना उत्तरं देत बसू नये. जुनं दोघांच्या नावावर, तर नवंही दोघांच्याच.

करात जास्त शिरत नाही, एका सीएला बसवून आकडा काढून घ्या. फ्लॅट 1998 चा आहे, म्हणून नफा काढताना खरेदीची किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची बाजारभाव किंमत धरता येईल. 23 जुलै 2024 च्या आधीची खरेदी असल्याने महागाई निर्देशांक लावून 20 टक्के किंवा न लावता 12.5 टक्के, यांतला कमी येईल तोच कर पडेल. आणि विक्रीनंतर दोन वर्षांत नवं घर घेतलंत तर तोही माफ. त्यासाठी 62 लाख सगळे घालावे लागत नाहीत, नफ्याएवढी रक्कम घातली तरी पुरते. काही कारणाने प्राप्तिकराच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर झालंच नाही तर ती रक्कम साध्या एफडीत ठेवू नका, बँकेत ‘कॅपिटल गेन्स अकाउंट’ उघडून त्यात ठेवा. एफडी दाखवून सवलत मिळत नाही, हे माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणांना फार उशिरा कळलं.

आता तुमच्या अकरा घरांबद्दल. मी हिशेब मांडून पाहिला. 80 लाखांचं घर घेतलं तर पुण्यात 7 टक्के मुद्रांक शुल्क 5,60,000, नोंदणी 30,000, एक टक्का दलाली 80,000 आणि सोसायटीचं हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त 25,000. एकूण 86,95,000. डोंबिवलीचे 62 लाख येतील त्यातून एक टक्का टीडीएस (घेणारा तुमच्या नावाने आधीच कापून सरकारला भरतो तो कर) आणि एक टक्का दलाली वजा जाता हातात 60,76,000. टीडीएस पुढे परत मिळेल, पण त्या दिवशी तो हातात नसतो. म्हणजे 26 लाखांहून जास्त तूट, आणि तुमची शिल्लक 24. ताई, 80 चं घर तुम्हाला परवडत नाही. तुम्हाला ते आतून कळत असणार आणि म्हणूनच एकही पसंत पडत नसावं, असं मला वाटतं.

तेच 72 लाखांचं धरलं तर सगळं मिळून 78,31,000. तूट साडेसतरा लाखांची. साडेसहा लाख तुमच्याकडे उरतात, आणि गुडघ्यांची शस्त्रक्रिया कधीतरी करावीच लागेल. पार्किंगचा मुलाचा मुद्दा खोटा नाही, घर पुढे विकताना त्याची किंमत थोडी कमी येईल. पण तुम्ही हे घर विकायला घेत नाही, राहायला घेता आहात, आणि गाडी तुमच्याकडे नाही.

या आठवड्यात दोन कामं करा. 1998 चा करारनामा, नोंदणीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) एका जागी काढून ठेवा. यातलं एखादं सापडलं नाही तर त्यांची बँक अडून बसेल आणि तुमच्या सगळ्या तारखा कोलमडतील. मग त्या जोडप्याला घरी चहाला बोलवा. एजंट असला तरी हरकत नाही, पण प्रश्न तुम्ही विचारा : दोन महिनेच का? सासूबाई समोर बसलेल्या असू द्यात. तुम्हाला वेळ कशाला हवा आहे, हे मग वेगळं सांगावं लागणार नाही.

वारज्याचं ते घर अजून गेलं नसेल तर फोन करा आणि पुन्हा बघून या. वीज गेली तर लिफ्टला जनरेटर आहे का, लिफ्टमध्ये चाकाची खुर्ची वळते का, हे विचारा. जाताना मोजपट्टी न्या. डोंबिवलीत सासूबाई पलंगावरून उठल्या की बाथरूम कुठल्या हाताला येतं, ते आज बघून ठेवा. नव्या घरात पलंग असा लावता येतो का, की त्या रात्री उठून त्याच बाजूला वळतील, ते मोजून या.