आयन, अयन आणि परायण

एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात काम करणाऱ्या ताईंनी प्रश्न पाठवला आहे. रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात त्यांनी लिहिलं होतं, 'मूत्रपिंडाच्या पेशी सोडिअमचे आयन परत रक्तात घेतात.' मजकूर तपासणाऱ्यानं ते खोडून 'मूत्रपिंडातून क्षार झिरपतात' असं केलं आणि बाजूला शेरा मारला: 'आयन हा इंग्रजी शब्द, टाळावा.' यातलं बरोबर काय, आणि 'आयन' (म्हणजे विद्युतभार असलेला कण) ठेवलाच तर त्याचं लिंग कोणतं, असं ताई विचारतात.

लिंगाचं आधी उरकू. पुल्लिंगी. तो आयन, ते आयन. काही जण 'आयने' असं अनेकवचन करतात, ते करू नये. आयने म्हणजे आरसे.

आता 'क्षार झिरपतात'. आरोग्यावरच्या मराठी लेखांत ही जोडी वर्षानुवर्षं फिरते आहे आणि दर वेळी ती वाचून मला तितकाच राग येतो. सुश्रुतानं क्षाराची व्युत्पत्तीच सांगून ठेवली आहे: 'क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः'. वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून काढलेलं, मांस झडवणारं दाहक द्रव्य ते क्षार. भगंदरावर आजही वापरतात ते क्षारसूत्र याच अर्थाचं. मराठी विश्वकोशानं हा भेद सांभाळला. मिठाच्या जातीचा पदार्थ तो लवण, आणि अम्लाशी विक्रिया करून लवण देणारा तो क्षारक. शालेय पाठ्यपुस्तकांनी मात्र लवणालाच 'क्षार' करून टाकलं, आणि मूळच्या क्षाराला जागा उरली नाही म्हणून 'आम्लारी' आणि 'अल्क' आणले. एक चांगला शब्द जागेवरून हलवायचा आणि त्याच्या जागी दोन नवे घडवायचे, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही. शिवाय क्षार ज्या 'क्षर्' धातूपासून आला त्याचाच मराठी वंश झरा आणि पाझर. म्हणजे 'क्षार पाझरतात' असं कुणी लिहिलं की एकच धातू दोनदा येतो आणि सांगितलं काहीच जात नाही.

डायलिसिसच्या रुग्णाला हा घोळ परवडणाराही नाही. मीठ पाण्यात विरघळलं की मीठ राहत नाही. सोडिअम वेगळा, क्लोराइड वेगळा, एकावर धन विद्युतभार, दुसऱ्यावर ऋण, आणि पेशीच्या पृष्ठभागावरचे रेणू प्रत्येकाला वेगळं ओळखतात. रक्ताच्या अहवालात सोडिअम, पोटॅशिअम, क्लोराइड वेगवेगळे छापतात ते यासाठीच. पोटॅशिअम फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. 'क्षार वाढलेत' एवढ्यावर रुग्णानं मीठ सोडावं की नारळपाणी?

शेरा मारणाऱ्यानं 'इंग्रजी शब्द' म्हटलंय, तिथे मला खरं थांबायचंय. शब्द इंग्रजीतून आला, पण इंग्रजीत तो जन्मला १८३४ मध्ये, आणि ग्रीकच्या पोटी. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे विद्युतधारेनं द्रावणं फोडण्याचे प्रयोग करत होता आणि त्याला नव्या संज्ञा हव्या होत्या. त्यानं केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलला पत्र लिहिलं. ह्यूएल शब्द पाडण्यात वस्ताद. 'सायंटिस्ट' हा शब्दही त्याचाच. त्यानं ॲनोड आणि कॅथोड (द्रावणात धारा शिरते आणि बाहेर पडते ती दोन टोकं), ॲनायन आणि कॅटायन (अनुक्रमे त्या टोकांकडे जाणारे कण) आणि या शेवटच्या दोघांना मिळून आयन सुचवले. ग्रीक 'इऑन' म्हणजे 'जाणारं', नपुंसकलिंगी वर्तमानकालवाचक विशेषण. धातू तोच, जो पाणिनीच्या परंपरेत 'इण् गतौ' (इ म्हणजे जाणं) म्हणून पाठ आहे. एति, यन्ति, इत. ग्रीक 'इऑन'चा संस्कृतातला थेट जोडीदार 'यत्', म्हणजे जाणारं. आणि याच धातूला 'अन' लागून झालं 'अयन', म्हणजे जाणं, वाट.

या धातूचं गोत केवढं पसरलंय ते पाहा. उदय, समय, उपाय, अन्वय, प्रत्यय, अतीत, प्रेत. आय आणि व्यय. लॅटिनच्या बाजूनं एक्झिट आणि ट्रान्झिट. आयकर भरणारा आणि पोटॅशिअम तपासून घेणारा एकाच धातूचे शब्द वापरतात.

इथे एक इशारा. 'फॅरडेनं आयन संस्कृतातून उचलला' असं अभिमानानं फिरवणारे बरेच आहेत. ते चूक आहे, आणि त्यानं संस्कृतचा मान वाढत नाही. ह्यूएलनं ग्रीकच घेतलं. आयन ही अयनाची लेक नव्हे, चुलत बहीण. दोघींचं घर एक होतं, पण फार पूर्वी.

तरीही या नात्यात एक गोष्ट अशी आहे की ती कुणीच कशी सांगत नाही याचं मला नवल वाटतं. ॲनोड-कॅथोड ही नावं सूर्यावरून पडली आहेत. फॅरडेचं म्हणणं असं की द्रावणाचं पात्र असं ठेवलंय असं समजा, की त्यातली धारा पूर्वेकडून पश्चिमेकडे, सूर्य आकाशात जातो त्या दिशेनं वाहतेय. मग जिथे सूर्य वर येतो ते टोक ॲनोड, वरची वाट. जिथे खाली जातो ते कॅथोड, खालची वाट. पूर्व-पश्चिमेवरून बेतलेले 'ईस्टोड'सारखे शब्दही त्याच्या मनात येऊन गेले होते. आता आपल्या पंचांगातलं अयन काय आहे? सूर्याचं जाणंच. फॅरडेचा सूर्य दिवसाचा, आपल्या पंचांगातला वर्षाचा, एवढाच फरक. म्हणून 'सोडिअमचा कॅटायन' म्हणताना आपण मावळतीकडे जाणाऱ्याचं नाव घेत असतो. (ओघात: उत्तरायणात ण, पण दक्षिणायनात न. उत्तरमधला र पुढच्या न चा ण करतो. दक्षिणमध्ये ष चा जोर त्याच्याच ण वर संपतो, पुढे पोचत नाही. 'दक्षिणायण' लिहिणं आता थांबवा.)

आयन म्हणजे जाणारा, हे ध्यानात धरून कातडीकडे या. कोपनहेगनमध्ये हान्स उसिंग या शास्त्रज्ञानं बेडकाची कातडी दोन पात्रांच्या मध्ये पडद्यासारखी ताणली. बेडूक गोड्या पाण्यात राहतो, तिथे सोडिअम अगदी थोडं. तरी त्याची कातडी ते बाहेरून आत ओढते. झिरपण्याच्या नियमानं हे उलटं व्हायला हवं. उसिंगनं कातडीच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब बाहेरून धारा देऊन शून्यावर आणला, दोन्ही बाजूंना द्रावण सारखंच ठेवलं, म्हणजे ढकलणारं काहीच उरलं नाही. तरी सोडिअम आत जातच राहिलं. किरणोत्सारी सोडिअमनं मोजल्यावर दिसलं की जितकी धारा, तितकंच निव्वळ सोडिअम. ही १९५१ सालची गोष्ट. १९५८ मध्ये वॅलबोर्ग कोफोड-योन्सेन या बाईंबरोबर त्यानं खुलासा मांडला: पेशीची दोन तोंडं सारखी नाहीत. बाहेरच्या तोंडानं सोडिअम आत येतं, आतल्या तोंडाशी बसलेला पंप ते रक्ताकडे फेकतो. तो पंप ज्या रेणूचा, तो येन्स स्को यानं ऑर्हूसमध्ये खेकड्याच्या नसांत १९५७ मध्ये दाखवला होता. त्यासाठी १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याला वाटा मिळाला. एका फेरीत ३ सोडिअम बाहेर, २ पोटॅशिअम आत, खर्च एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू. याला झिरपणं म्हणणाऱ्यानं पाणी शेंदणाऱ्यालाही 'पाणी गळतंय' म्हणावं.

मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांतल्या पेशींची मांडणी हीच. रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यात दीड किलोच्या आसपास मीठ; ९९ टक्क्यांहून अधिक सोडिअम पेशी परत घेतात. बहुतेक काम आधीच्या नलिकांत होतं. शेवटचे काही टक्के घ्यायचे की सोडायचे ते अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक ठरवतं, आणि त्यावरच रक्तदाब बराचसा अवलंबून. माणसाच्या घामाच्या नळीतही सोडिअम आत घेणारी तीच प्रथिनं आहेत. घाम ग्रंथीत तयार होतो तेव्हा जवळपास रक्तद्रवाइतका खारट असतो, नळीतून वर येताना त्यातलं सोडिअम आणि क्लोराइड काढून घेतलं जातं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात क्लोराइडची वाट बंद असते, म्हणून घाम खारटच राहतो आणि निदानही घामातल्या क्लोराइडवरून करतात.

या दोन तोंडांना मराठीत काय म्हणावं? इंग्रजी संज्ञा शब्दशः आणल्या तर 'शिखराकडचं पटल' आणि 'तळ-बाजूंकडचं पटल' असं काहीतरी होतं. शिखर कसलं, तळ कुणाचा, काही कळत नाही. माझी सूचना ऋग्वेदातून आहे. दहाव्या मंडलातल्या १४२ व्या सूक्ताची शेवटची ऋचा: 'आयने ते परायणे दूर्वा रोहन्तु पुष्पिणीः । ह्रदाश्च पुण्डरीकाणि समुद्रस्य गृहा इमे ॥' अग्नीला म्हटलंय: तुझ्या येण्याच्या नि जाण्याच्या वाटेवर फुललेल्या दूर्वा उगवोत, तळी आणि कमळं असोत, ही समुद्राची घरं आहेत. आयन म्हणजे येणं (आ + अयन), परायण म्हणजे निघून जाणं. तेव्हा सोडिअम जिथून पेशीत येतं ते आयनमुख, जिथून रक्ताकडे निघून जातं ते परायणमुख. आक्षेप येईल की मग रसायनातला आयन आणि हा वैदिक आयन यांची गल्लत होईल. होऊ दे. सोडिअमचा आयन आयनमुखातून येतो, यात विद्यार्थ्याच्या ध्यानात राहील असा मेळ आहे, आणि दोन्ही शब्दांतला धातू एकच असल्यानं तो कृत्रिमही नाही. 'आयनांबर' (वातावरणाचा आयनांनी भरलेला वरचा थर) हा शब्द विश्वकोशानं असाच सुरेख घडवला, तेव्हा कुणी तक्रार केली नव्हती.

'आयन वाहिनी' या रूढ शब्दाशीही माझं भांडण आहे. वाहिनी म्हणजे रक्तवाहिनीसारखी लांब नळी. पेशीच्या पटलातलं हे प्रथिन उघडतं आणि मिटतं, आणि पलीकडे कोण जाणार ते निवडतं. त्याला 'आयनद्वार' म्हणा. अमिलोराइड नावाचं औषध हे सोडिअमचं द्वार अडवतं, मग सोडिअम लघवीतून जातं आणि पोटॅशिअम शरीरात राहतं. मूत्रपिंड निकामी असलेल्यांना हेच औषध म्हणून धोक्याचं. ताई, माहितीपत्रकात तुमचं मूळ वाक्यच ठेवा, आणि पोटॅशिअमचं हे वाक्य त्याच्या खाली ठळक अक्षरांत घाला.