धायटीची फुले आणि आसव-अरिष्टे

प्रश्न : माघ-फाल्गुनात गडवाटांच्या कडेला पुरुषभर उंचीची झुडपे बारीक लाल फुलांनी भरलेली दिसतात. वाटाड्याने हिला धायटी म्हणतात असे सांगितले आणि ही फुले ‘औषधी दारूत’ घालतात, असेही तो म्हणाला. हे खरे आहे का? घरी आणून त्यांचा काढा घेतला तर चालेल का?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : वाटाड्याने सांगितले ते खरे आहे, मात्र ज्यांना तो दारू म्हणाला, ती आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे, म्हणजे आंबवून केलेली पातळ औषधे होत. धायटी म्हणजे संस्कृतातील धातकी. मेंदी, डाळिंब आणि आपले राज्यपुष्प तामण यांच्याच कुळातले हे झुडूप सह्याद्रीच्या मुरमाड, उघड्या उतारांवरही तग धरते. पानांच्या खालच्या बाजूस बारीक काळे ठिपके दिसले, की ओळख पक्की समजावी. जे लाल फूल म्हणून डोळ्यांत भरते, तो खरे तर नळीसारखा, किंचित वाकलेला पुष्पकोश असतो. पाकळ्या अगदी नाममात्र असतात.

अरिष्ट करताना औषधी वनस्पतींचा काढा गाळून, निववून त्यात गूळ, मध आणि धायटीची वाळलेली फुले घालतात आणि भांड्याचे तोंड बंद करून ते कित्येक दिवस तसेच ठेवतात. फुलांतल्या मधुरसावर वाढणारे यीस्ट फुले सुकल्यावरही टिकून राहते आणि तेच गूळ आंबवू लागते, म्हणून काढा गरम असताना फुले घालत नाहीत. या औषधांतील मद्यार्क बाहेरून ओतलेला नसून भांड्यातच तयार होतो. वनस्पतींतील गुणद्रव्ये त्यात उतरतात आणि औषध दीर्घकाळ टिकते. दशमूलारिष्ट, कुटजारिष्ट अशा अनेक औषधांत धातकी असते. माझ्या मते या फुलाचा सर्वांत विलक्षण उपयोग हाच आहे.

फुलांत टॅनिन भरपूर असल्याने ती तुरट आणि मल बांधणारी आहेत. चरकसंहितेत पुरीषसंग्रहणीय, म्हणजे मल बांधणाऱ्या औषधींच्या गणात धातकीपुष्प आहे, आणि अतिसारात व अंगावरून जास्त जात असल्यास वैद्य ती आजही योजतात. तरीही घरी काढा करून घेऊ नये, असेच मी सांगेन. जुलाबात शरीरातील पाणी कमी होणे हाच मोठा धोका असतो आणि तो तुरट औषधाने टळत नाही. लहान मुले व गर्भवती यांच्याबाबतीत तर वैद्याच्या सल्ल्याविना प्रयोग करूच नये.

फुले हवीच असतील, तर ती ‘धायफूल’ या नावाने काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. वनहक्क कायदा, 2006 नुसार असे गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क जंगलावर जगणाऱ्या कुटुंबांना आहे आणि त्यांना या फुलांतून थोडेफार उत्पन्न मिळते. गडावरच्या फांद्या मात्र कृपया ओरबाडू नयेत, कारण पाणवठे आटू लागण्याच्या त्या दिवसांत शिंजीर पक्षी आणि मधमाश्या याच झुडपांवर मधासाठी येतात.