बी. बी. किंग, क्लॅप्टन, स्टीव्ही रे वॉन की आजचा किंगफिश : ब्लूज गिटारमध्ये सगळ्यात मोठा कोण?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमधून आलेलं गाणं-बजावणं, त्यात सगळ्यात मोठा गिटारवादक कोण यावरून मित्रांमध्ये वाद पेटलाय. एकाला बी. बी. किंगपुढे कुणी दिसत नाही. दुसरा क्लॅप्टन आणि स्टीव्ही रे वॉनचा भक्त. तिसरा म्हणतो की किंगफिश, बोनामासा यांच्यासारखी आजची मंडळी हाताने या सगळ्यांच्या पुढे आहेत आणि जुन्यांचं कौतुक म्हणजे नुसता आठवणींचा उमाळा.

माझं उत्तर आधी सांगून टाकतो. बी. बी. किंग, आणि त्यातही १९६४ सालचा बी. बी. किंग. पण तुमच्या तिसऱ्या मित्राचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आपल्याकडे गवयाची 'तयारी' म्हणतात ना, ती आजच्या वादकांची जबरदस्त आहे. लहानपणापासून सगळं रेकॉर्डिंग हाताशी, पाहिजे ती जागा हळू करून शंभर वेळा ऐकता येते. वेग, सफाई, गिटारच्या दांडीवर कुठूनही कुठे जायची मोकळीक, यात ते पुढे आहेत हे मान्यच करायला हवं. माझं म्हणणं एवढंच की ब्लूजमध्ये गिटारला एक ठरावीक काम असतं आणि मोजायचं तर त्या कामाने मोजावं.

ते काम काय? ब्लूजचं सगळ्यात रुळलेलं रूप बारा बारचं. आपल्या भाषेत चार-चार मात्रांची बारा आवर्तनं म्हणा. त्यात गाण्याच्या तीन ओळी बसतात : एक ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिचा निकाल लावणारी तिसरी. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गाणारा साधारण दोन बारांतच ओळ संपवतो. उरलेली जागा मोकळी असते. ती गिटारची. कीर्तनात बुवांनी ओळ टाकली की मागचे टाळकरी ती उचलून धरतात. इथे गिटार ओळ उचलत नाही, तिला उत्तर देते. कधी हो ला हो, कधी तक्रार, कधी नुसता सुस्कारा. या मोकळ्या जागेत कोण काय बोलतो, हीच माझ्या लेखी ब्लूज गिटारवादकाची परीक्षा.

या परीक्षेत बी. बी. किंगच्या जवळपास कुणी येत नाही. तो गाताना वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. आपल्याला कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम, नीट वाजवता येत नाहीत हे तो उघडपणे सांगायचा. म्हणजे त्याच्याकडे होते फक्त एकेक सूर. पण ते सूर कसे लागायचे बघा. त्याच्या आईचा मामेभाऊ की चुलतभाऊ असं नातं लागणारा बुका व्हाइट बोटात धातूची नळी घालून स्लाइड गिटार वाजवायचा. बी. बी.ला तो आवाज हवा होता आणि स्लाइड काही जमत नव्हती. म्हणून त्याने बोटानेच तार थरथरवायला सुरुवात केली. जुनी चित्रफीत असेल तर डाव्या हाताकडे नीट बघा : अंगठा दांडीवरून सुटलेला, सगळा हात एका बोटाच्या टोकावर तोललेला आणि फुलपाखराच्या पंखासारखा फडफडतोय. जे जमलं नाही त्याच्या जागी जे सापडलं, तेच पुढे सगळ्या जगाने त्याच्याकडून उचललं.

तार ओढण्याचंही तसंच. सतारीवर मींड ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. ब्लूजमधला सगळ्यात महत्त्वाचा सूर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे कुठेतरी राहतो. पियानोच्या पट्ट्यांवर तो नाही. तार किंचित ओढली तर सापडतो, जास्त ओढली तर हातचा जातो. बी. बी. तो सूर दर वेळी थोडा वेगळा लावायचा, आधी गायलेल्या शब्दाप्रमाणे.

शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये २१ नोव्हेंबर १९६४ रोजी त्याचा जो कार्यक्रम झाला, त्याची 'लाइव्ह अॅट द रीगल' ही तबकडी पुढच्या वर्षी निघाली. त्यातलं 'हाउ ब्लू कॅन यू गेट' चांगल्या हेडफोनवर ऐका. सुरुवातीला नुसती गिटार आहे. एक वाक्य बोलते, थांबते. पुढचं बोलते, थांबते. त्या थांबण्यात प्रेक्षकांतल्या बायका ओरडतात, कुणीतरी हाक मारतं, आणि पुढचा सूर जणू त्या हाकेला उत्तर म्हणून येतो. पुढे तो बायकोला काय काय दिलं आणि तिने कसं नाक मुरडलं याची यादी गाऊ लागतो. प्रत्येक ओळीला वाद्यवृंद थांबतो आणि मुलांवरच्या शेवटच्या ओळीला सगळं थिएटर फुटतं. तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. वर्षानुवर्षं रात्रीमागून रात्री अशाच श्रोत्यांसमोर उभा राहिल्यानंतर आलेला तो ठहराव आहे. खोलीत बसून रियाज केल्याने तो येत नाही असं माझं ठाम मत आहे.

पिढ्यांची तुलना करताना कुणाच्या हातात काय होतं हेही बघायला हवं, नाहीतर अन्याय होतो. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासात मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटं मावत. लांबलचक सोलो, म्हणजे गाणं थांबवून एकट्या गिटारने केलेला विस्तार, वाजवायला जागाच नव्हती. शिवाय साधी लाकडी गिटार घेऊन एकट्याने नाचणाऱ्यांना ठेका द्यायचा, म्हणजे खर्ज, ताल आणि वरचे सूर हे सगळं दोन हातांत. त्याला आजच्या सोलोवाल्यांशी कसं तोलणार? पुढे टी-बोन वॉकरने विजेची गिटार हातात घेतली आणि एकेका सुराला सनईसारखा दम मिळाला. त्याचं १९४७ चं 'स्टॉर्मी मंडे' ऐकलं की बी. बी. किंग कुठून आला ते कळतं. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला गेला, तिथल्या गोंगाटी दारूगुत्त्यांत साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून त्यानेही वीज जोडली.

क्लॅप्टनच्या भक्त मित्राला एक गोष्ट आवर्जून ऐकवा. जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडबरोबरची १९६६ ची त्याची तबकडी आहे, जिच्या मुखपृष्ठावर तो मुलांचं कॉमिक वाचत बसलाय. वय एकवीस. गिब्सन लेस पॉल गिटार मार्शलच्या अॅम्प्लिफायरला लावून त्याने आवाज इतका वाढवला की सूर फाटून जाड झाला आणि लांबपर्यंत टिकू लागला. रॉक गिटारचा आवाज त्यानंतर बदलला तो बदललाच. हे श्रेय त्याचंच. पण त्याच तबकडीवर वाजतंय काय? ओटिस रशचं 'ऑल युअर लव्ह', फ्रेडी किंगचं 'हाइडअवे', रॉबर्ट जॉन्सनचं 'रॅम्ब्लिन ऑन माय माइंड'. एका तबकडीत तीन पूर्वसुरी. त्याने त्यांची नावं कधी लपवली नाहीत, उलट आयुष्यभर घेतली. लंडनच्या या मुलांमुळे अमेरिकेतली गोरी तरुण मंडळी मूळ वादकांकडे वळली हेही खरं. १९६७ मध्ये बी. बी. किंग सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर या सभागृहात गेला तेव्हा समोर लांब केसांची गोरी पोरं होती. एक सूर वाजायच्या आत ती उठून उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दशकं तो वाजवत होता, त्याला हे तेव्हा मिळालं. या वादात मला हे विसरून चालत नाही.

आता स्टीव्ही रे वॉन. माझ्या मनात याच्याविषयी फार जिव्हाळा आहे. जाडजूड तारा, अर्धा स्वर खाली उतरवलेल्या, आणि त्यांच्यावर असा काही प्रहार की मनगटाची ताकद कानाला ऐकू येते. पण त्याला समजून घ्यायचं तर ६ डिसेंबर १९८३ ला कॅनडातल्या हॅमिल्टनच्या टीव्ही स्टुडिओत झालेली त्याची आणि ॲल्बर्ट किंगची बैठक ऐका. 'इन सेशन' नावाने ती १९९९ मध्ये बाजारात आली. स्टीव्ही एकोणतीस वर्षांचा, ॲल्बर्ट साठीचा. ॲल्बर्ट डावखुरा. उजव्या हाताच्या माणसाची गिटार तो तारा न बदलता उलटी धरायचा, त्यामुळे बारीक तार वरच्या बाजूला यायची. आपण ती तार ढकलतो, तो खाली खेचायचा. मूठ आवळून दोरी ओढल्यासारखी. मी एकदा गिटार उलटी धरून ते करून पाहिलं : ढकलताना बोटाचं टोक काम करतं, खेचताना सगळं मनगट. त्याचा सूर असा रडवेला आणि रुंद का लागतो ते त्या दिवशी हाताला कळलं.

त्या बैठकीतलं 'ब्लूज अॅट सनराइज' पंधरा मिनिटांचं आहे. ॲल्बर्ट तीन-चार सूर वाजवतो आणि सोडून देतो. स्टीव्हीची पाळी आली की तो धबधब्यासारखा कोसळतो, आणि त्या धबधब्यात निम्म्या जागा ॲल्बर्टच्याच असतात, समोर बसलेल्या गुरूला त्याच्याच जागा ऐकवल्यासारख्या. दोघंही खूश आहेत हे आवाजात कळतं. इथे कोण जिंकलं असं विचारावंसं मला कधी वाटलं नाही. २७ ऑगस्ट १९९० ला विस्कॉन्सिनमधला कार्यक्रम संपवून निघालेला स्टीव्ही हेलिकॉप्टर कोसळून गेला, पस्तिसाव्या वर्षी. ॲल्बर्टच्या वयाला पोचलेला स्टीव्ही किती सूर गाळून वाजवत असता, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

किंगफिशबद्दल माझ्या भाच्याने माझे कान उघडले. क्रिस्टोन इंग्रम हे त्याचं नाव, जन्म १९९९, गाव मिसिसिपीतलं क्लार्क्सडेल, म्हणजे ब्लूजचं माहेरच. तिथल्या डेल्टा ब्लूज म्युझियमच्या वर्गांत तो लहानपणी शिकला. मी त्याचे नुसते सोलो ऐकत होतो आणि "हात छान चालतो" म्हणून सोडून देत होतो. भाचा म्हणाला, "मामा, सोलो सोड, तो गातो तेव्हा ऐक." २०१९ च्या पहिल्या तबकडीतलं 'फ्रेश आउट' त्याने लावलं, ज्यात जुना ब्लूज गिटारवादक बडी गायही आहे. पोराचा आवाज वयापेक्षा किती मोठा! आणि ओळ संपल्यावर गिटार घाई करत नाही, क्षणभर थांबते. '६६२' या पुढच्या तबकडीला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. तो आकडा म्हणजे उत्तर मिसिसिपीचा टेलिफोन कोड. आपल्या गावचा पत्ता असा मिरवणारा मुलगा मला आवडला. मोठ्या सोलोत तो अजून कधी कधी सगळंच सांगून टाकतो, एवढीच माझी तक्रार.

बडी गायचा जन्म १९३६ चा. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला तेव्हा तो आला होता आणि मी गर्दीत उभा होतो. कडकडाट चालू असताना आवाज उतरवत उतरवत अगदी कुजबुजीवर आणायचा, ही त्याची जुनी लकब. तारेवर नख लागल्याचं ऐकू येतं आणि माणसं आपोआप श्वास रोखतात. ते मी तिथे उभं राहून अनुभवलंय. वेगाने कुणाला असं गप्प करता येत नाही.

तेव्हा मित्रांना एका संध्याकाळी बसवा आणि तीनच गोष्टी लावा : रीगलमधलं ते गाणं, हॅमिल्टनमधली ती पंधरा मिनिटं आणि 'फ्रेश आउट'. सोलो मोजू नका, ओळ संपल्यानंतरचे दोन बार ऐका. माझं मत बी. बी.ला. किंगफिश एकोणचाळीस वर्षांचा होईल २०३८ मध्ये. तेव्हा हाच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तर बदलावं लागलं तर मला आनंदच होईल.