शेतात पडून पायाचं हाड बाहेर आलं, तर जखम डेटॉल-साबणानं धुवावी का?
नाही. हळद-चुनाही नको, अन् हाड आत ढकलू नका. वरची माती स्वच्छ पाण्यानं किंवा सलाईननं हळूच वाहू द्या, ओल्या स्वच्छ कापडानं झाका, पाय आहे तसाच बांबूच्या कामट्यांना बांधा, 108 बोलवा. खरी धुलाई ऑपरेशन थिएटरातच होते. अशा उघड्या हाडमोडीच्या जखमा कशानं धुवाव्यात हे तपासणाऱ्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लो’ चाचणीत साबणाच्या द्रावणानं जखम धुतलेल्या रुग्णांना पुन्हा ऑपरेशन जास्त लागलं. साधं सलाईन सरस ठरलं, तेही कमी दाबानं चालतं. त्याहून मोलाचं म्हणजे शिरेतून अँटिबायोटिक, शक्यतो तासाभरात. शेणखताच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शनही मागा. मात्र रक्त भळाभळा वाहत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका. हाड सोडून कडेनं कापड घट्ट दाबा.