भाकरी थापता येईना, मग जेवायचंच सोडायचं का?

आहार आणि तब्येत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझं वय ६१, जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये एकटीच राहते. मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा-सून पुण्याला. आधी आम्ही साखर पेठेत वाड्यात होतो, आठ-दहा बिऱ्हाडं, निम्मी तेलुगू, कुणाचं दार दिवसा लागायचंच नाही. इथं सगळ्यांची दारं बंद. मला सहा वर्षांपासून आमवात आहे. आठवड्याला आमवाताची मेथोट्रेक्सेटची गोळी असते आणि दुखलं की पेनकिलर घेते चहाबरोबर. सकाळी उठल्यावर बोटं मिटतच नाहीत, दीड-दोन तास तसेच जातात. भाकरी थापणं बंद झालंय, पीठ मळतानाच मनगट धरतं. मग काय, सकाळी चहा-खारी, दुपारी कधी खिचडी तर कधी परत चहाच, रात्री बिस्कीट नाहीतर कपभर दूध. डबा लावून बघितला, भाजीवर तेलाचा तवंग आणि चपात्या वातड, निम्मं टाकूनच द्यावं लागायचं म्हणून बंद केला. त्यात जो भेटेल तो पथ्य सांगतो, आंबट खाऊ नका, दही-ताक नको, डाळीनं वात वाढतो, वांगं बटाटा टोमॅटो नको, शेंगदाणे नको. मग राहिलं काय की वो खायला? गेल्या वर्षी वजन ५६ होतं, आता ४९ भरलं. मुलाला काही सांगितलं नाही, त्याचा फोन आला की जेवले म्हणते, उगं त्याला घोर नको. खरं सांगू का, एकटीसाठी गॅस पेटवावासाच वाटत नाही, ताट घेऊन बसलं तरी घास तोंडात फिरतो नुसता. नीट खाल्लं पाहिजे हे कळतंय हो, पण होत नाही. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, नमस्कार. तुमचं पत्र वाचताना मी आधी त्या वजनापाशीच थांबले. ५६ वरून ४९, म्हणजे सात किलो गेलं आणि तेही तुम्ही काही न ठरवता. वर्षभरात वजन आपोआप शेकडा पाचपेक्षा जास्त उतरलं तर ते तपासायचंच असतं, तुमचं तर शेकडा साडेबारा उतरलंय. आमवातात भूक मरते, अंगातली सूज स्नायूसुद्धा खाते हे खरं आहे, पण म्हणून सगळं आमवातावर ढकलून गप्प बसायचं नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, वजनाचे दोन्ही आकडे कागदावर लिहून न्या आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ बघायला हवं का ते विचारा. आणि मन लागत नाही, घास फिरतो, हे पण तिथंच सांगा, लाजू नका. ते पण तब्येतीचंच दुखणं आहे आणि त्यावरही उपचार असतात.

दुसरी गोष्ट पेनकिलरची. रिकाम्या पोटी नुसत्या चहावर घेताय ते आजपासून बंद करा. या गोळ्यांनी पोटात व्रण होतात, आतून रक्त जातं, आणि तुमच्या वयात हा धोका वाढलेलाच असतो. काहीतरी खाऊन मगच गोळी, आणि ती किती दिवस, किती घ्यायची हे डॉक्टरांनी ठरवलेलं असू दे. पोटात आग पडायला लागली किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली तर वाट न बघता दवाखाना. मेथोट्रेक्सेट तुम्ही आठवड्यातून एकदा घेताय ते बरोबर आहे, ती रोज घ्यायची गोळी नव्हेच, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर ठरलेल्या वाराला गोल करून ठेवा आणि घेतली की लगेच फुली मारा. पुष्कळांना गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं आणि तो दिवस उपाशीच जातो. तुमचं तसं होत असेल तर डॉक्टरांना सांगा, वेळ बदलता येते, फॉलिक ॲसिड बघता येतं, बरेच उपाय असतात त्यावर. फक्त आपल्या मनानं गोळी सोडायची नाही.

आता पथ्य. मला याचा खरंच राग येतो. आजारी बाई दिसली की तिच्या ताटातलं काय काढायचं ते सगळे सांगतात, ताटात काय घालायचं ते कुणीच सांगत नाही. तुमच्या यादीत बघा, डाळ गेली, दही-ताक गेलं, शेंगदाणे गेले, म्हणजे शाकाहारी माणसाला ज्यातून प्रोटीन मिळतं ते जवळजवळ सगळं गेलं आणि उरली खारी-बिस्किटं. डाळी बंद करा हा सल्ला रक्तात युरिक ॲसिड वाढून सांधे दुखणाऱ्या (गाउटच्या) लोकांना देत आलेत, तो आजार वेगळा, तुमचा वेगळा, आणि त्या आजारातही डाळींचा म्हणावा तेवढा दोष निघालेला नाही. आंबटानं आमवात वाढतो याला आधार नाही. वांगं, बटाटा, टोमॅटो सगळ्यांनीच सोडावं असंही काही नाही. एखादी गोष्ट खाल्ली की तुम्हाला स्वतःला दर वेळी त्रास होतो असा अनुभव असेल तर ती एकच दोन आठवडे बंद ठेवा, परत खाऊन बघा, फरक दिसला तर सोडा. बाकी सगळं ताटात परत आणा. शेजारणीनं सांगितलेलं पथ्य आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य यात फरक करायला शिकायला पाहिजे आपण सगळ्यांनीच.

तुमच्या पत्रात मला मुख्य काय दिसलं सांगू? स्वयंपाक आणि जेवण तुमच्या डोक्यात एकच झालंय. भाकरी थापता आली तर जेवण, नाही आली तर चहा. आयुष्यभर चार माणसांचं रांधलेल्या बाईचं असं होणारच, त्यात तुमची काही चूक नाही. पण हाताला जे होत नाही ते स्वयंपाकाचं झालं, जेवायला तुम्हाला अजून येतं. तेवढं सुटं करूया आपण.

भाकरी थापता येत नसेल तर विकत घ्या ना, आणि सोलापुरात राहून ज्वारीसाठी कुठं लांब जायला लागत नाही. कडक भाकरी घ्या. बचत गटाच्या बायका करतात, दुकानात पाकिटं मिळतात, कोरड्या डब्यात बरेच दिवस टिकते. तुम्हाला नव्यानं काय सांगायचं, वाड्यात खाल्लीच असणार. दात किंवा जबडा दुखत असेल तर कोरडी खाऊ नका, गरम आमटीत नाहीतर दुधात चुरायची, पाच मिनिटं झाकून ठेवायची, मऊ होते. वर शेंगाचटणी आणि वाटीभर दही. प्रेशर असेल तर चटणी बेतानं, तिच्यात मीठ बरंच असतं.

दुसरं, कण्या. आपल्याकडच्या जुन्या बायका आजारी माणसाला ज्वारीच्या कण्या आणि ताक देत होत्या, आता घरोघरी बंद पडलंय ते. गिरणीतून ज्वारी जाडसर भरडून आणायची, गिरणीवाल्याला कण्या म्हटलं की कळतं. वाटीभर कण्या धुऊन तासभर भिजवायच्या, चारपट पाणी, मीठ, आणि पार मऊ शिजवायच्या. त्यातच मूठभर मुगाची डाळ टाकली तर आणखी चांगलं. खाताना ताक घालून वर लसणाची फोडणी. यात मळणं नाही, थापणं नाही, लाटणं नाही. कुकरचं झाकण हाताला जड जात असेल तर छोटा इलेक्ट्रिक राइस कुकर घ्या, मुलाला सांगा पाठवायला, त्याचं झाकण नुसतं उचलायचं असतं. उरलेल्या कण्या फ्रीजमध्ये ठेवा, संध्याकाळी गरम पाणी घालून सरसरीत करा, झालं रात्रीचं. सकाळी बोटं चालत नाहीत तर सकाळी स्वयंपाक करायचाच कशाला? अकरा-बारानंतर हात जरा सुटले की एकदाच करायचं. आणि सकाळच्या त्या दीड-दोन तासांसाठी रात्रीच काहीतरी झाकून ठेवायचं, राजगिऱ्याचा लाडू, केळं, भाजलेले शेंगदाणे, म्हणजे चहा नुसता पोटात जाणार नाही.

प्रोटीनचा हिशेब मोठा करत नाही, एवढंच लक्षात ठेवा की तुमच्या वयाला वजनाच्या किलोमागे निदान एक ग्रॅम तरी लागतं, म्हणजे तुम्हाला पन्नासच्या आसपास, किडनीचं काही सांगितलेलं नसेल तर. मूठभर शेंगदाण्यात सातेक ग्रॅम, कपभर दुधात सहाएक, अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा, ज्वारीतूनही थोडं येतं. चहा-खारीवर हा आकडा कधीच गाठला जात नाही आणि मग मांड्या-दंड वाळतात, उठताना हात टेकायला लागतात. हो, जेवणाबरोबर चहा नको, तासभर अंतर ठेवा, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा, त्यानं लागतं. ते आंबट नको म्हणणाऱ्यांनी हे पण वाचावं.

डबा परत लावायचा का? लावा, पण मेसचा नको. तुमच्याच सोसायटीत किंवा मागच्या गल्लीत एखादी घरी चौघांचं करणारी असेलच, तिला विचारा की मला एक भाजी आणि घट्ट वरण जास्तीचं कराल का, पैसे देईन, तेल कमी घाला. फक्त वरण-भाजी. भाकरी-कण्या तुमच्याकडे आहेतच. यात दुसरा फायदा असा की दुपारी कुणीतरी तुमच्या दारात येईल किंवा तुम्ही तिच्या दारात जाल.

कारण खरं दुखणं तिथं पण आहे. साखर पेठेत तुम्ही चारूची, म्हणजे तेलुगू लोकांच्या आंबट साराची, वाटी शेजारून घेत होता आणि तुमची शेंगाची पोळी तिकडं जात होती, असंच असणार, मी त्या भागातल्या वाड्यात गेलेली आहे, माहितीय मला. तिथून उचलून बंद दारांच्या बिल्डिंगमध्ये आणून ठेवलेल्या माणसाची भूक मरणारच. माणूस चारचौघांत बसला की दोन घास जास्त खातो, हे अभ्यासातही दिसलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात म्हटलंय की जगात दर सहा माणसांत एक जण एकटेपणानं त्रासलेला आहे, आणि त्याचा थेट परिणाम तब्येतीवर होतो. म्हणजे मन लागत नाही ही तुमची तक्रार काही लाड नव्हेत.

मुलाला खरं सांगा ताई. ‘जेवले’ म्हणून फोन ठेवणं बंद करा, तो पुण्यात आहे, त्याला तुमच्या हातातला कप दिसत नाही. वजन सांगा त्याला, तपासणीला ये म्हणा. आणि रोज नको, पण आठवड्यातून दोनदा तरी त्याच्या जेवणाच्या वेळेला व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून ठेवा आणि दोघं आपापल्या ताटावर बसा. बोलायला काही नसलं तरी चालतं. शिवाय आठवड्यातला एक वार साखर पेठेसाठी धरा. सोमवारी सिद्धेश्वराला जाऊन तशाच पुढं जुन्या शेजारणीकडे जेवायला, जाताना कडक भाकरीचं पाकीट घेऊन जा म्हणजे तुम्हालाही ओशाळवाणं वाटणार नाही. उन्हाळ्यात मात्र दुपारी अकरानंतर बाहेर पडू नका, आपल्याकडचं ऊन चाळिशीच्या वर जातं आणि तुम्ही आधीच अशक्त आहात, त्या दिवसांत तिलाच बोलवा तुमच्याकडे. गावाकडे बहीण-भाऊ असतील तर एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, चार दिवस जाऊन या.

आणि एखाद्या रात्री फारच उदास वाटलं, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस म्हणतात त्याला, मोफत आहे, रात्रीसुद्धा उचलतात, मराठीत बोलता येतं. साठीच्या पुढच्या लोकांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे, दिवसा चालते. दोन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

महिन्याभरानं वजन कळवा मला.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, चिंचोळी एमआयडीसीत कामाला होतो. तीन महिन्यांपूर्वी टीबी निघाला, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत, खोकला गेला, थुंकीची तपासणी पण निगेटिव्ह आली. पण घरी माझं ताट-वाटी वेगळं, मागच्या खोलीत एकटाच जेवतो, आई ताट उंबऱ्यावर ठेवून जाते. भूक लागते पण तसं ताट बघून खायची इच्छा जाते. काय खाऊ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाऊ, तुझ्या खाण्यात जे बदलायचंय त्याच्या आधी तुझी जेवायची जागा बदलायला पाहिजे. टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. एका भांड्यात खाल्ल्यानं, कपडे एकत्र धुतल्यानं कुणाला होत नाही. गोळ्या लागू पडत असतील तर साधारण दोन आठवड्यांतच दुसऱ्याला लागण व्हायचा धोका खूप कमी होतो, तुला तर तीन महिने झाले आणि तपासणी पण निगेटिव्ह आहे. उंबऱ्यावरच्या ताटाला आता काही कारण उरलेलं नाही. आईचा राग धरू नकोस, तिनं लहानपणापासून हेच बघितलंय, भीती आहे ती.

खायचं म्हणशील तर पथ्य काही नाही, भरपूर खा. भाकरी, डाळ, उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे, परवडेल तसं मटण-चिकन. थोडं थोडं पण चार-पाच वेळा खा आणि दर महिन्याला वजन लिहून ठेव. दारू अजिबात नको, गोळ्यांनी आधीच लिव्हरवर ताण असतो. डोळे पिवळे दिसले किंवा अन्नाची शिसारीच आली तर लगेच दवाखान्यात जा. सरकारकडून टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी पैसे मिळतात, निक्षय पोषण योजनेत, आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, थेट बँकेत येतात. तुझे आले नसतील तर खातं जोडलंय का ते केंद्रावर विचार. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत, कोर्स सहा महिन्यांचा असेल तर सहाही महिने पूर्ण.

आणि पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाशील तेव्हा आईला बरोबर ने, आणि तिच्यासमोर डॉक्टरांना विचार की आम्ही सगळे एकत्र जेवायला बसलो तर चालेल का.