वेष्टन न काढलेले पुस्तक

“मी मनापासून लिहिते, पण कोणी वाचतच नाही. मग लिहायचे तरी कशासाठी?” हा प्रश्न माझ्याकडे बहुधा निवृत्त माणसांकडून येतो, आणि तो क्वचितच पहिल्या भेटीत येतो. आधी झोप लागत नसल्याची तक्रार येते, घरातल्यांवर चिडचिड होत असल्याचे सांगितले जाते, आणि दोन-तीन भेटींनंतर पिशवीतून वही निघते. आज ज्या बाईंविषयी लिहीत आहे त्यांची वही मात्र छापून झालेली होती. (त्यांची अनुमती घेतली आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

त्या 34 वर्षे आरोग्यसेविका होत्या. 1987 मध्ये, म्हणजे सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम देशात सुरू झाल्यानंतर दोनच वर्षांनी, त्या एका उपकेंद्रात रुजू झाल्या. तेव्हापासून आसपासच्या वाड्यांमध्ये त्यांना नावाने कोणी हाक मारली नाही. त्या सगळ्यांच्या ‘सिस्टर’ होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या, स्वखर्चाने शंभर प्रती छापल्या आणि त्यांतल्या काही आप्तांना वाटल्या. सहा महिन्यांनी भाचीकडे गेल्या असताना त्यांना आपले पुस्तक कपाटात दिसले. भेट देताना गुंडाळलेला रंगीत कागद त्यावर तसाच होता. त्या रात्रीपासून झोप उडाली, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगून टाकते. एकटेपणा हेच मूळ आहे असे समजून मी त्यांना गावातल्या एका साहित्यप्रेमी गटात जाण्याचे सुचवले. तेथे सगळेच आपापले लिखाण वाचून दाखवायला उत्सुक होते आणि ऐकायला कोणी नव्हते. बाई अधिकच खचून परत आल्या. ऐकणारे हवेत म्हणून मी त्यांना जेथे पाठवले, तेथे प्रत्येक जण त्यांच्याइतकाच ऐकणाऱ्याच्या शोधात होता, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवे होते.

पुढच्या भेटीत मी त्यांना पुस्तकातले कोणतेही एक पान मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांनी लसीकरणाचे प्रकरण काढले. ‘अज्ञानी जनतेचे प्रबोधन करीत मी सेवेचे व्रत अखंड चालविले’ अशा वाक्यांची ती दोन पाने होती. दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर त्या थांबल्या, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “मॅडम, हे असं नव्हतं हो.”

मग त्यांनी जे घडले होते ते सांगितले. एका वाडीत त्यांनी तान्ह्या बाळाला त्रिगुणी लस टोचली. सत्राला गर्दी होती, पुढच्या वाडीला जायचे होते, आणि त्या घाईत लशीनंतर ताप येऊ शकतो हे सांगायचे राहून गेले. बाळ रात्रभर तापाने रडले. पुढच्या महिन्यात त्या दारात गेल्या तेव्हा बाळाच्या आजीने त्यांना अंगणातूनच परत लावले, आणि त्या एका घरामुळे शेजारच्या चार घरांनीही दारे लावून घेतली. त्या संध्याकाळी बाई अंगणाच्या कडेला दगडावर बसून राहिल्या. दिवेलागणीला आजी बाहेर आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “आजी, चूक माझी होती, सांगायला हवं होतं.” त्या वाडीतले पुढचे सत्र पूर्ण झाले.

हे पुस्तकात का नाही, असे मी विचारले. “त्यात माझी चूक होती ना. पुस्तकात कसं लिहायचं?”

या एका उत्तरापाशी आम्ही दोन भेटी थांबलो. त्यांच्या पुस्तकाचा हेतू त्यांच्याच नकळत ‘माझ्या सेवेची नोंद घ्या’ असा होता. चौतीस वर्षे गावाला रोज लागणाऱ्या माणसाला एका दिवसात कोणाला न लागणारे माणूस व्हावे लागले, की ही मागणी मनात उभी राहणारच. तिची लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु ती मागणी वाचकाकडे काहीतरी मागते, त्याला देत काही नाही, आणि वाचकाला हे पहिल्या पानातच जाणवते. शिवाय मान जपण्यासाठी त्यांनी गाळला होता नेमका तोच प्रसंग, जो दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडला असता.

“हे सगळे उद्या कोणाला लागणार आहे?” असे मी विचारले. त्यांनी क्षणभरही विचार न करता त्यांच्या जुन्या उपकेंद्रात नव्याने आलेल्या मुलीचे नाव घेतले. ती अधूनमधून फोन करून काहीबाही विचारत असे. तिला एक पत्र लिहा, एकाच पानाचे, असे ठरले. पत्र ही काही मी शोधलेली युक्ती नाही. 1848 मध्ये लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ साप्ताहिकात समाजाची खरडपट्टी काढायला घेतली तेव्हा त्यांनीही पत्राचाच घाट निवडला होता. समोर कोणीतरी आहे असे धरले की भाषेतला फुगारा आपोआप उतरतो.

त्यांच्या पत्राची सुरुवात अशी होती: “सुई टोचण्याआधी आईशी बोल, नंतर ती बाळाला घेऊन उठलेली असते.” पुढे प्रत्येक आईला सांगायच्या चार गोष्टी होत्या: कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, नंतर काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचे, पुन्हा केव्हा यायचे, आणि कार्ड जपून ठेवून सोबत आणायचे. या चार गोष्टी प्रशिक्षणात सगळ्यांनाच शिकवतात. दुसरी गाळल्यावर काय होते, हे मात्र बाईंच्या पत्रात अंगण, दगड आणि आजी यांच्यासह आले होते. ‘प्रबोधन’ हा शब्द कोठेही नव्हता.

पत्र पाठवल्यावर ‘कसे वाटले’ असे विचारू नका, ‘कोठे अडलीस’ असे विचारा, एवढे मी सुचवले होते. पहिल्या प्रश्नाला आपल्याकडे ‘छान’ हे एकच उत्तर मिळते. मुलीने उलट विचारले, “आजी बाहेर येईपर्यंत तुम्ही दोन तास बसलात, तेवढ्यात बाकीच्या वाडीचं काय केलंत?” बाई मला हे सांगताना हसत होत्या. अनेक महिन्यांत मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवावी लागली. एका बाळंतपणाविषयी त्यांना लिहायचे होते आणि लिहिता येत नव्हते. त्यासाठी वाचक शोधू नका, असे मी स्पष्ट सांगितले. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रातल्या संशोधकांच्या 1986 मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे मनावरच्या आघाताविषयी लिहिले होते. लिहिल्यानंतर लगेच त्यांना अधिक वाईट वाटले, परंतु पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचे त्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम सरासरीने लहानच दिसला आहे, त्यामुळे मी त्याला औषध म्हणत नाही. त्यांनी ती पाने लिहिली. मी ती वाचलेली नाहीत. त्या लेखनाचा हेतू वेगळा होता, आणि त्याला वाचक मिळाला नाही म्हणून ते वाया गेले असे होत नाही.

झोप अजून पूर्ण सावरलेली नाही, त्यासाठी डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. माळ्यावर साठ प्रतींचा गठ्ठा आहे आणि त्याचे काय करायचे हे ठरलेले नाही. गेल्या भेटीत त्यांनी सातवे पत्र आणले होते. त्याची पहिली ओळ अशी आहे: “आइसपॅक फ्रीजरमधून काढून लगेच लशीच्या डब्यात ठेवू नकोस, त्याला घाम सुटू दे, कानाशी हलवून आत पाणी वाजतंय का ते ऐक, नाहीतर लस गोठेल आणि तुला कळणारही नाही.”